पिठल्यावर शपथ होत नाही

आमच्या गावातून सीमा गेली ती नेमकी गेब्रूच्या गाढवावरून. दूर कुठल्याशा थंड देशात न्यायाधीश बसले, त्यांनी नकाशावर रेघ ओढली, आणि त्याच वेळी इकडे गाढव ओढ्यात पाणी पीत उभं होतं. पुढचे दोन पाय इथिओपियात, मागचे दोन एरिट्रियात. तेव्हापासून ते बिचारं गवत इकडचं खायचं आणि लीद तिकडे टाकायचं. म्हणून पलीकडची ज्वारी दरवर्षी आमच्यापेक्षा हातभर उंच. खोटं वाटत असेल तर पलीकडे जाऊन मोजून या. जाता येत नाही, हा काही माझा दोष नाही.

गावाचं नाव माय-शिहू. माय म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे तो ओढा, पावसाळ्यात कमरेएवढा, एरवी बकरीचं तोंड बुडेल एवढा. अलीकडे चाळीस घरं, पलीकडे तीस. भाषा एक, संत एक, भांडणंही एकच, कारण ती आम्ही एकमेकांशीच करायचो. मग अठ्ठ्याण्णव साली वरच्या लोकांत कुठल्याशा माळरानावरून वाजलं. ते माळरान आमच्यापैकी कोणी पाहिलेलंही नव्हतं. दोन वर्षं तोफा चालल्या. त्यात माझ्या शेजारच्या लेतायचा धाकटा भाऊ पलीकडच्या गोळीने गेला, आणि पलीकडच्या तेवोल्देचा थोरला मुलगा अलीकडच्या गोळीने. नंतर रेडिओवर सांगितलं की लढाई संपली. संपली म्हणजे गोळ्या थांबल्या. पुढची अठरा वर्षं लढाईही नाही आणि समेटही नाही, नुसते खंदक.

लेताय आणि मी एका वयाचे. लहानपणी तिने मला झाडावरून ढकललं होतं, तेव्हापासून माझं डोकं असं चालतं, असं ती येईल त्याला सांगते. तिला एकच मुलगी, झाफू. लढाईच्या आदल्या वर्षी झाफूचं लग्न तेवोल्देच्या धाकट्या मुलाशी झालं. वरात ओढ्यातून पलीकडे गेली, तीनशे पावलं. मी मोजली, कारण ढोल माझ्या गळ्यात होता. ती तीनशे पावलं लेतायला पुढे वीस वर्षं चालता आली नाहीत.

रविवारी आमच्या चर्चच्या कड्यावर उभं राहिलं की पलीकडचं चर्च दिसायचं. पण चर्चला जाताना आमच्या बायका पांढरी शाल घेतात. शंभर पांढऱ्या बायकांत झाफू कुठली ते कसं कळणार? लेतायने वर्षभर विचार केला आणि आपली शाल लाल रंगवली. त्या रविवारी ती एकटी लाल कड्यावर उभी राहिली. पुढच्या रविवारी पलीकडेही एक लाल ठिपका उभा. मायलेकी तासभर एकमेकींकडे बघत राहिल्या. तिसऱ्या रविवारी दोन्हीकडच्या सैन्यांनी खंदकातली माणसं दुप्पट केली. एकाला वाटलं हल्ल्याची खूण आहे, दुसऱ्याला वाटलं खुणेला उत्तर आहे. राजधानीहून कर्नल आला. चर्चच्या पायरीवर बसून त्याने लेतायची जबानी घेतली.

"बाई, या लाल रंगाचा अर्थ काय?"

"अर्थ असा, की जेवलीस का?"

"आणि त्यांच्या लालचा?"

"जेवले, तू?"

कर्नलने चार पानी अहवाल लिहिला, विषय: शत्रूच्या अन्नसाठ्याची चौकशी. तो मी स्वतः वाचलाय. म्हणजे, वाचलेल्या माणसाला मी ओळखतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे दोन घरांत रक्त सांडलं की ती घरं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. बोलली की पुन्हा सांडतं. मधे म्हातारे जातात-येतात. तीन बैठका होतात. मग जामीन ठरतो, म्हणजे दोन्ही घरी जेवणारा तिसरा माणूस. एखाद्याने शब्द मोडला तर गाव त्या जामिनाच्या घरचं पाणी पीत नाही, म्हणून जामीन दोघांच्या मानगुटीवर बसून राहतो. शेवटी बोकड कापायचा, दोन्ही घरांनी एका ताटात जेवायचं, तेव्हा कुठे शब्द पक्का. चाळीस वर्षं हे काम मी केलं. नवरा-बायकोची, बांधाची, खुनाची भांडणं मिटवली. एकदा तर दोन विहिरींचा समेट केला. एकीला पाणी आलं की दुसरी रुसून आटायची.

म्हणून दोन हजार अठराच्या पावसाळ्यात आमचे मोठे आणि त्यांचे मोठे थेट भेटले, तेव्हा अख्खा गाव नाचला आणि मी एकटा बसून राहिलो. गुत्त्यातल्या टीव्हीवर दोघांनी एकमेकांना मिठी मारली होती. हाफतोम मास्तर बाकावर उभा राहिला. हा मास्तर गावातला एकमेव माणूस, जो माझी गोष्ट मधेच थांबवून तारीख विचारतो.

"बघा अबोय, बघा! समोरासमोर!" माझं नाव देस्ता, पण मला सगळे अबोय म्हणतात, म्हणजे बाबा. बाप मी कोणाचाच नाही.

"मधे कोण बसलंय?" मी विचारलं.

"कोणीच नाही! हीच तर गंमत आहे."

"मग जामीन कोण?"

सगळा गुत्ता हसला.

"अबोय, राष्ट्रांना जामीन नसतो."

"मग राष्ट्रांना मुली देऊ नयेत."

"मागच्या वेळी होते की जामीन!" मास्तर बाकावरून उतरला. "निळ्या टोप्यांचे शिपाई आले, न्यायाधीश आले, नकाशा आला, गेब्रूच्या गाढवाची वाटणी झाली. मिळालं काय? अठरा वर्षं दोघांपैकी एकानेही फोन उचलला नाही. आज उचलला, तर तुम्ही विचारता मधे कोण होतं! शत्रूशी बोलायचं नाही तर काय मित्रांशी बोलून तह करायचा?"

यावर मी गोष्ट सांगितली. दोन तरसं पिढ्यान् पिढ्या भांडत होती. एक दिवस दोघं थेट भेटली, गळ्यात गळे घातले, ओढ्याकाठी उत्तम तह केला. "बकऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुझी तरसं गेली खड्ड्यात," लेताय दारातून म्हणाली. ती गुत्त्यात शिरत नाही, पण ऐकते सगळं. "मास्तर, ओढा कधी उघडणार तेवढं सांग."

उघडला. सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी. खंदकातले सैनिक बाजूला झाले आणि दोन्ही गावं ओढ्यात शिरली. इतकी धूळ उडाली की कोण कोणाला मिठी मारतोय ते दिसेना. मी एका जाड्या माणसाला मामेभाऊ समजून अर्धा तास कवटाळून रडलो. तो अस्मारातून, म्हणजे त्यांच्या राजधानीतून आलेला बसचालक निघाला. तोही रडत होता, पण त्याला रस्ता विचारायचा होता.

लेताय धावत तेवोल्देच्या अंगणात शिरली. अंगणात एक चाळिशीची बाई उभी होती, पुढचा दात पडलेली, हातात सूप. लेतायने तिलाच विचारलं, "झाफू आत आहे का गं?"

बाई सूप टाकून म्हणाली, "आई, किती वाळलीस गं तू."

पुढचं मी सांगत नाही. मी तिथे होतो, पण भिंतीकडे तोंड करून.

झाफूला एक मुलगा, येमाने, सतरा वर्षांचा. आजीच्या गळ्यात पडून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न मला विचारला, गाढवाची गोष्ट खरी का. म्हणजे तेवोल्दे तीच गोष्ट पलीकडे आपली म्हणून सांगत होता. झाफूने कॉफी भाजायला घेतली. बिया तव्यावर हलवता हलवता, मान वर न करता ती बोलली.

"आई, याला घेऊन जा. आजच्या आज."

"का गं? काय झालं?"

"याचा बाप अठरा महिन्यांच्या सक्तीच्या नोकरीवर सैन्यात गेला. वीस वर्षं झाली, अठरा महिने अजून चालूच आहेत. वर्षाकाठी पंधरा दिवस येतो, चुलीपाशी बसतो, जातो. हा आता अकरावीत. बारावीला पोरांना छावणीत नेतात. जुलैअखेर ट्रक येतो आणि वर्गच्या वर्ग भरून जातो. आई, हा गेला की गेला."

लेताय तिथल्या तिथे उठली. "चल रे."

आणि मी म्हणालो, "थांब."

हो, मीच म्हणालो. त्या दिवशी गावात मी नसतो, त्या बसचालकाबरोबर अस्माराला गेलो असतो, तर ही गोष्टच नसती.

"लेताय, मुलगा बापाच्या घरचा. दोन घरांत रक्त आहे. तुझा भाऊ, यांचा थोरला. समेट न होता नातू उचलून नेलास तर उद्या लोक म्हणतील, चोरला. तेवोल्देचे भाऊबंद काठ्या घेऊन दारात उभे राहतील."

"मोठ्यांनी कुठे बैठका घेतल्या? मिठी मारली, उघडलं."

"तेच सांगतोय. त्यांचं कच्चं आहे. आपलं तरी पक्कं करू."

तेवोल्दे कोपऱ्यात बसला होता. माझ्या तोडीचा थापाड्या आमच्या पंचक्रोशीत तो एकच. त्यानेही मान डोलावली. "देस्ता बरोबर बोलतोय. जुलै कुठे आणि सप्टेंबर कुठे! पोराला रीतीने पाठवू. वाजतगाजत."

झाफूने तवा खाली ठेवला. सासऱ्यापुढे ती बोलली नाही.

पहिली बैठक ऑक्टोबरात, ओढ्याकाठच्या उंबराखाली. इकडून मी, तिकडून तेवोल्दे, दोघांमागे चार-चार म्हातारे. विषय होता वीस वर्षांचं रक्त. पण वीस वर्षांच्या थापाही तुंबल्या होत्या. तेवोल्दे म्हणाला, तुमच्या तोफेचा गोळा आमच्या मसुरीच्या भांड्यात पडला, फुटला नाही, पण मसूर शिजली. मी म्हणालो, तो गोळा आम्ही मीठ घालून पाठवला होता. असं करता करता ऊन कललं. एक बैठक झाली.

दुसऱ्या बैठकीत जामीन ठरवायचा होता. आणि तिथे आम्ही अडलो. जामीन दोन्ही घरी जेवणारा हवा, आणि दोन्ही घरी जेवलेला माणूस वीस वर्षांत जन्मालाच आला नव्हता! म्हातारे दाढ्या खाजवत बसले. शेवटी असं ठरलं की जामीन नसेल तर तयार करायचा. मधमाश्या पाळणारा बोळक्या गेरेमू निवडला, आणि त्याला दोन्ही घरी सात-सात वेळा जेवू घालायचं असा ठराव झाला. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, मधे रविवार, मधे संतांचे दिवस. तीन आठवडे गेले. गेरेमूला पोट सुटलं. चौदावं जेवण झालं आणि आमच्याकडे जामीन आला.

आला तेव्हा उपास लागला होता. नाताळाआधीचा, त्रेचाळीस दिवसांचा. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. आमचा नाताळ जानेवारीच्या सातव्या दिवशी.

"आता काय राहिलंय?" लेतायने विचारलं. ती उंबराखाली आली होती, जिथे बायका येत नाहीत.

"तिसरी बैठक. बोकड."

"मग कापा."

"उपासात?"

"मग बोकड राहू द्या. मी पिठलं करते. झाफू भाकरी आणेल. एका ताटात जेवा, शपथ घ्या, पोरगा द्या."

"पिठल्यावर शपथ होत नाही, लेताय."

"का? पिठलं खोटं बोलतं?"

"बोकडाचं रक्त सांडावं लागतं, तेव्हा माणसाचं थांबतं. बापजाद्यांपासून असंच आहे."

तेवोल्दे म्हणाला, "विहीणबाईंचं पिठलं इतकं पातळ असतं की त्यावर घेतलेला शब्द ताटाबाहेर वाहून जाईल."

दहाही म्हातारे हसले. गेरेमू तर पोट धरून हसला. मीही हसलो, आणि मोठ्याने.

लेताय हसली नाही. "देस्ता," ती म्हणाली, "वरच्या दोघांनी काय खाऊन शब्द दिला ते तुला माहीत आहे? उद्या त्यांचं पोट बिघडलं तर?"

"तीच तर माझी ओरड आहे. थेट बोलणाऱ्यांचा भरवसा नसतो."

"मग घाई कर ना, मेल्या! भरवसा नाही म्हणतोस आणि नाताळाची वाट बघतोस?"

हे तिने दहा माणसांसमोर विचारलं. तेव्हा ते मला बायकी वाटलं.

उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, येमाने एकटा ओढा ओलांडून आला. पाठीवर पिशवी, पिशवीत दोन सदरे आणि शाळेचे दाखले. मी शेजारी. मला दिसणारच. मी गेलो तेव्हा तो आजीपाशी बसून कॉफीचा दुसरा पेला पीत होता.

"आईने पाठवलं?"

"नाही अबोय. मीच आलो."

"आजोबांना ठाऊक आहे?"

तो पेल्यात बघत राहिला.

"चोरासारखा आलाय, लेताय," मी म्हणालो.

"चोरासारखा तर चोरासारखा. माझ्या घरात आहे. तू तुझ्या घरी जा."

"आज हा असा राहिला, तर दोन महिन्यांची बैठक पाण्यात. तेवोल्देचं नाक कापलं, गेरेमूची जामिनकी मेली. पुन्हा शंभर वर्षं कोणी कोणाला जामीन राहणार नाही. तीन आठवडे राहिलेत गं. फक्त तीन."

पोराने माझ्याकडे पाहिलं. "अबोय, मी परत नाही गेलो तर?"

"जाशील. आणि तीन आठवड्यांनी वाजतगाजत येशील. ढोल मी वाजवणार."

"आणि मधेच बंद झालं तर?"

"बंद काय होतंय! मोठ्यांची रोज फोनाफोनी चालू आहे. मास्तरला विचार."

माझ्या तोंडून हे निघालं. जामीन कोण म्हणून चार महिने गावाला पिडणारा मी, आणि वेळ आली तेव्हा त्या दोघांनाच जामीन धरून मोकळा झालो. मला ते तेव्हा कळलंही नाही.

मी त्याचा हात धरला. सतरा वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच. मनात आणलं असतं तर एका झटक्यात मला ओढ्यात फेकलं असतं. पण आमची पोरं म्हाताऱ्याचा हात झटकत नाहीत. तो माझ्याबरोबर आला. लेताय दारात उभी राहिली. आमच्याकडे कॉफीचा तिसरा पेला घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही; तो भरायचाच राहिला होता. ओढा ओलांडताना मी त्याला विहिरींची गोष्ट सांगितली. तो सगळ्या योग्य जागी हसला. पोरगा चांगल्या वळणाचा होता.

नाताळाला बारा दिवस उरले होते. सकाळी बायका पाण्याला गेल्या, तर ओढ्यावर दोन्हीकडून सैनिक.

"परवाना?"

"पाण्याला कसला परवाना?"

"पाण्याला नको. पलीकडे जायला हवा."

"कालपर्यंत नव्हता!"

"वरून आलंय."

"कोणाच्या वरून?"

आमच्या सैनिकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांच्या सैनिकांनी आमच्याकडे. परवाना कुठे मिळतो हे दोन्हीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. समेटाचा बोकड तेवढा परवान्याशिवाय पलीकडे गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

नाताळ झाला. मी रोज मास्तरकडे जायचो. टीव्ही चालू असायचा.

"बोलणी मोडली का रे?"

"नाही अबोय. उत्तम चालू आहेत. हे बघा, पुन्हा भेटले."

पाहिलं. भेटले होते, हसत होते.

"मग ओढा?"

मास्तरने खडू बोटांत फिरवला. "ओढ्याचा विषय बहुतेक निघाला नसेल." मग हळूच म्हणाला, "बोलायलाच नको होतं, असं नाही ना म्हणणार तुम्ही? बोलले म्हणून तर झाफू दिसली."

"नाही म्हणणार," मी म्हणालो. खरं म्हणजे मला काहीच म्हणायचं नव्हतं. माझं म्हणणं शब्द न् शब्द खरं ठरलं होतं. खरं ठरलेलं म्हणणं ठेवायचं कुठे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

फोन मात्र चालू राहिले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाफूचा फोन आला. लेतायने तो अंगणात घेतला. मी भिंतीपलीकडे होतो. झाफू दोनच शब्द बोलली असावी, कारण लेताय फक्त "कधी?" म्हणाली आणि मग "बरं" म्हणाली.

त्याच दुपारी ती उंबराखाली आली. बांधाची बैठक चालू होती. ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"देस्ता, येमानेला नेलं."

बांधावरून भांडणारे दोघं उठून बाजूला झाले.

"नाताळाची तारीख तू दिलीस ना?"

"दिली."

"त्या तारखेचा जामीन कोण होता?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक गोष्ट असते. अवर्षणाला आहे, खुनाला आहे, कर्नलला आहे. मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

आमच्यात गुन्हा मोठा असेल तर गुन्हेगार मानेवर दगड घेऊन ज्याचा गुन्हा केला त्याच्या दारात जातो. वाकून उभा राहतो. तो दगड दुखावलेल्याने स्वतःच्या हाताने उतरवायचा, तरच माफी. चाळीस वर्षांत मी अशा कितीतरी जणांना दगड निवडून दिले. फार मोठा नको, फार लहान नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा निवडला आणि लेतायच्या दारात उभा राहिलो.

ती मसूर निवडत होती. तिने पाहिलं, पुन्हा निवडायला लागली.

"केवढा आणलायस?"

"झेपला तेवढा."

"लहान आहे."

मी परत गेलो. दुपारी मोठा आणला. मान मोडायला आली.

तिने ताट बाजूला ठेवलं, उठली, दगडाभोवती एक फेरी मारली. "हां. हा बरोबर आहे." मला वाटलं, उतरवणार. "पण मी नाही उतरवणार, देस्ता. माझा काय गुन्हा केलास तू? मी म्हातारी, मला सवय आहे. गुन्हा त्याचा केलास. त्याच्याकडे जा."

आणि ती आत गेली.

मी तसाच ओढ्याकडे निघालो. तीनशे पावलं. आमच्या बाजूला एक हवालदार होता, चाळिशीचा, दक्षिणेकडला, आमची भाषा तोडकी-मोडकी बोलणारा.

"परवाना?"

"दगड आहे."

"दिसतोय. कशाला?"

मी सांगितलं. वाकलेला असल्यामुळे त्याच्या बुटांना सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"आमच्याकडेही आहे असं," तो म्हणाला. "आम्ही हातात हिरवं गवत धरतो."

"मग सोड."

"मला नाही सोडता येत, अबोय. हुकूम यायचाय."

"कोणाचा?"

"मोठ्यांचा. बोलणी चालू आहेत म्हणे."

"कधीपर्यंत?"

"थांबली असं तर कोणी सांगितलेलं नाही." तो पुढे आला. "द्या तो इकडे. मान जाईल तुमची."

"हात लावू नकोस. तुझं मी काही वाईट केलेलं नाही."

तो मागे सरकला. मी उभा राहिलो. ऊन डोक्यावरून पाठीवर गेलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावर त्यांच्या सैनिकांची गडबड झाली. मी मान होईल तेवढी वर केली.

पलीकडे तेवोल्दे उभा होता. वाकलेला, मानेवर दगड, माझ्यापेक्षा मोठा. माझ्यापेक्षा मोठा आणणारच तो. त्याला ओढा ओलांडून लेतायच्या दारात यायचं होतं, आणि त्याचे सैनिक त्याला तेच सांगत होते जे माझा हवालदार मला सांगत होता.

मधे दहा-बारा पावलं पाणी. हाक मारायचीही गरज नव्हती, खाकरलं असतं तरी ऐकू गेलं असतं. तेवोल्देने तोंड उघडलं. मी कान टवकारले. म्हटलं, आता हा काहीतरी भन्नाट फेकणार, आणि मी त्याच्यावर चढवणार. त्याने तोंड मिटलं. मग मी उघडलं, आणि मिटलं. दोन्हीकडच्या सैनिकांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. असे आम्ही ऊन कलेपर्यंत उभे होतो.

मग तो वळला, म्हणून मीही वळलो.

घरापर्यंत कसा आलो आठवत नाही. दगड दारातच आहे. तो मी माझ्याच हाताने उतरवला, आणि तसा उतरवलेला धरत नाहीत.